राणी हरवली त्या सकाळी

राणी सापडत नव्हती, आणि तिला शोधायच्या निमित्ताने घरातली जुनी भांडणं मात्र एकेक करून सापडत होती.

"काल संध्याकाळी मी तिला इथेच ठेवलं होतं," सून शेडमधल्या फळीवर बोट आपटत म्हणाली. "पिंजऱ्यासकट गायब! पिंजऱ्याला काय पाय फुटले?"

पिंजरा म्हणजे काडेपेटीएवढं लाकडी खोकं, एका अंगाला बारीक जाळी. आत नवी राणीमाशी आणि तिला भरवायला चार दासी माश्या. कुंपणाकडच्या मोठ्या पेटीतली राणी म्हातारी झाली होती, तिच्या पंखांच्या पार चिंध्या झाल्या होत्या. ऊन चढायच्या आत तिच्या जागी ही नवी बसवायची होती. पेटीत गर्दी इतकी दाटली होती की माश्या दारातून बाहेर लोंबायला लागल्या होत्या. अशा वेळी माणसाने उशीर केला तरी माश्या करत नाहीत. थवा करून उठतात आणि नवं घर शोधायला निघतात.

"माझ्याकडे बघून काय बोलतेस?" तिचा नवरा म्हणाला. तो इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचा, पण घरात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. "मी त्या शेडमध्ये पाय तरी ठेवतो का?"

"पाय ठेवत नाहीस, पण पेट्या विकायला निघालायस. राणीच नसली की माझं काम आपोआप थांबतं."

"म्हणजे मी चोर!"

"मी तसं म्हटलं का?"

"अजून कसं म्हणतात?"

दारात रंधाकाका उभा होता, डॉक्टरच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, धाकटा भाऊ. सुतार माणूस, मधाच्या सगळ्या पेट्या त्याच्याच हातच्या. जीभही रंध्यासारखी, ज्याच्यावर फिरेल त्याची सालं काढणारी, म्हणून ते नाव. चहाचा कप हलवत तो म्हणाला, "मी काय म्हणतो, राणी मिळेपर्यंत तुम्ही दोघांनी राज्य वाटून घ्या. डॉक्टरकडे प्रजा, सूनबाईकडे सिंहासन. मला मंत्रीपद नको, फक्त साखर थोडी जास्त घाला."

आत्या हे सगळं अंगणातून ऐकत होती. ती दादांची बहीण. हयातभर लहान मुलांची शाळा केली आणि निवृत्तीनंतर या घराच्या मागच्या खोलीत राहायला आली. तरुणपणी एकदा ती मौनाच्या शिबिराला जाऊन आली होती. बुद्धांनी शिकवलेली श्वास बघायची साधी रीत तिथून घेऊन आली आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ न चुकता बसायची. शाळेत पाढे सुरू करायच्या आधी ती मुलांनाही थोडा वेळ बसवायची. दादा तिला मौनीबाई म्हणायचे. "एवढी वर्षं बसलीस," ते म्हणायचे, "एखादं अंडं तरी उबलं असतं."

ती हसून सोडून द्यायची. पण खरं सांगायचं तर ते बोलणं तिला लागायचं. सगळ्या जगातून एका माणसाला ही गोष्ट द्यावी असं तिला वाटे, आणि तोच नेमका घेत नव्हता.

आज दादा झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसले होते. झाडाच्या पलीकडे मधपेट्यांच्या रांगा. झाड ही त्यांची हद्द. ती गेल्या हंगामात ठरली. जन्मभर ज्यांनी उघड्या हातांनी माश्या हाताळल्या, डंख लागला तर नखाने काटा खरवडून पुढच्या पेटीकडे वळले, ते दादा एका डंखाने आडवे झाले होते. चेहरा सुजून डोळे बुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरनेच त्यांना उचलून गाडीत घातलं, आणि पुढे बापाचं रक्तही त्यालाच तपासावं लागलं. शरीर उलटलं आहे, असं इस्पितळात सांगितलं. असं होतं कधीकधी, ज्याला आयुष्यभर सोसलं त्यालाच शरीर एक दिवस नाही म्हणतं. पुढचा डंख शेवटचा ठरू शकतो. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक तयार इंजेक्शन असायचं आणि सगळ्यांचा एक डोळा दादांवर.

आज पेट्यांचा निकाल लावायचा होता. डॉक्टरला पेट्या विकायच्या होत्या, अंगणात एक माशी नको. सुनेला त्या चालवायच्या होत्या. काम ती दादांकडूनच शिकली होती आणि आता त्यांच्याइतकंच तिलाही येत होतं. दादांना यातलं काहीच नको होतं. रंधाकाका ज्याच्या हातचा चहा घेई त्याच्या बाजूने बोलायचा.

"चला, बसा सगळे," आत्या म्हणाली. "राणी नंतर शोधू."

"नंतर कसं आत्या? ऊन बघा किती आलंय," सून म्हणाली, पण येऊन पायरीवर बसली. डॉक्टर तिच्यापासून दोन हात सोडून बसला. त्यांची मुलगी चिमणी आत्याच्या मांडीला चिकटली.

"दादा, तू सुरुवात कर."

"मी कशाला? हद्द तुम्ही आखली, निकालही तुम्हीच लावा."

"बाबा, पुन्हा तेच नका हो," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही चोरून तिकडे जाता. परवा मी खिडकीतून बघितलं. पेट्या इथे असेपर्यंत तुम्ही जाणार. मला सारखी धास्ती असते. कामावर फोन वाजला तरी छातीत धस्स होतं."

"मग फोन बंद ठेव."

"बघितलंत काका?"

रंधाकाकाने कपात बघितलं. चहा सुनेने केला होता. "पोरगं चुकीचं बोलत नाही दादा. पण विकायचं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं झालं. सूनबाई बघेल की सगळं. तू इथे बस, राजासारखा."

"राजासारखा," दादा म्हणाले. "फोटोतल्या."

आत्या भावाकडे बघत होती. एरवी एवढ्यात ते उठून येरझाऱ्या घालायला लागले असते. आज ते हलत नव्हते. डावा हात मांडीवर आणि उजवा छातीवर, सदऱ्याच्या खिशावर अलगद ठेवलेला. बराच वेळ तो तिथून निघाला नव्हता.

"दादा, छातीत दुखतंय का?"

"नाही."

"मग हात कशाला तिथे?"

"माझा हात, माझी छाती. त्यालाही तुमची परवानगी लागते?"

"बाबा, मी एकच विचारते," सून म्हणाली. "मला येत नाही म्हणून देत नाही, की मला येतं म्हणून?"

दादांनी तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. हे उत्तरच होतं. डॉक्टरनेही आपल्या बायकोकडे बघितलं, पण या वेळी वेगळ्या नजरेने. आतापर्यंत त्याला वाटत होतं की ती आणि बाबा एका बाजूला आणि आपण एकटे. तसं नव्हतं तर. तीही एकटीच होती.

तेवढ्यात आवाज आला.

पहिल्यांदा तो लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या जड गाडीसारखा वाटला. मग तो रस्त्यावरचा राहिला नाही. सून ताडकन उठली. कुंपणाकडच्या पेटीच्या दारातून माश्या बाहेर सांडत होत्या, पाण्यासारख्या, आणि सांडलेलं खाली न पडता वर चढत होतं. बघता बघता अंगणावरचं आभाळ माश्यांच्या रेघांनी भरून गेलं. उन्हात प्रत्येक रेघ सोनेरी, आणि एकीचा धक्का दुसरीला नाही.

"थवा उठला," सून म्हणाली. "आणि त्यांची म्हातारी राणी उडू शकत नाही. ती गवतातच पडली असणार. या आता तिला शोधत फिरतील. काका, रिकामी पेटी आणा! बाबा, तुम्ही घरात चला, हळूच उठा."

दादा उठले नाहीत. अर्धे उठले आणि पुन्हा बसले, कारण पहिल्या माश्या त्यांच्या हातावर येऊन बसल्या होत्या, छातीवरच्या उजव्या हातावर. मग आणखी. मग आभाळातला तो सोनेरी गुंता एका बाजूने ओढल्यासारखा सरकला आणि त्यांच्या दिशेने खाली यायला लागला. एखाद्याने लांबून नाव घेऊन हाक मारावी आणि सगळ्या गर्दीने वळून बघावं, तसं.

"त्यांच्यावर का?" डॉक्टर ओरडला. "झाड सोडून त्यांच्यावर का बसतायत?"

ओठ जेमतेम हलवत दादा म्हणाले, "खिशात आहे."

"काय खिशात आहे?"

सुनेला आधी कळलं. नव्या राणीला ऊब लागते, म्हणून पिंजरा नेहमी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा, हे तिला कुणी शिकवलं होतं? दादांनीच. फळीवरून पिंजरा त्यांनीच उचलला होता. सगळ्यांची नजर चुकवून एकदा, एकदाच, आपल्या हाताने राणी बसवायची होती त्यांना. आणि तेवढ्यात सगळे अंगणात बसले, त्यामुळे खिशातली राणी खिशातच राहिली. बिनराणीच्या थव्याला राणीचा वास लागला होता.

आता छाती दिसत नव्हती. मग हात दिसेनासा झाला. मग गळा. माश्या माश्यांना धरून लोंबत होत्या, तपकिरी जिवंत कापडाच्या घड्या दादांच्या हनुवटीपासून मांडीपर्यंत उतरल्या होत्या. एक-दोघी गालावर चालत होत्या.

डॉक्टर आत धावला आणि इंजेक्शन घेऊन आला. दुसऱ्या हातात धुराडं होतं. "धूर देतो. पळतील."

"नको!" सून म्हणाली. "धूर दिला तर त्या सदऱ्याच्या आत शिरतील. उठलेल्या थव्यातल्या माश्या सहसा डसत नाहीत रे, पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात. पण एक जरी चिरडली तर तिचा वास पसरेल, आणि मग सगळ्या..."

डॉक्टरने धुराडं खाली ठेवलं. लग्नानंतर माश्यांच्या बाबतीत त्याने तिचं ऐकलं ते हे पहिल्यांदाच.

"मी पिंजरा काढून घेते," ती म्हणाली आणि दोन पावलं पुढे जाऊन थांबली. खिशावर दादांचा हात होता आणि हातावर माश्यांचा बोटबोट जाड थर. बाहेरून बोट घालायला जागाच नव्हती. घातलं तर काहीतरी चिरडणारच होतं.

आत्याने भावाच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिथे तिला भीती दिसली. लहानपणापासून आजवर तिने त्या डोळ्यांत राग बघितला होता, हट्ट बघितला होता. भीती कधी नाही. त्यांचा श्वास वरच्यावर, तुटक चालला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर माश्यांचं ते कापड थरथरत होतं. हात कापायला लागला की संपलं. हे त्यांनाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच हात कापायच्या बेतात होता.

ती काहीतरी बोलणार होती. पण तिला शब्द सुचेना. एवढ्या वर्षांची बैठक, आणि आता तिचंच काळीज तोंडाशी आलं होतं. तिला वाटलं, आपण फक्त शांत खोलीतच शांत होतो की काय?

"आत्याआजी," चिमणीने तिच्या साडीचा पदर ओढला, कुजबुजत. "आजोबांना सांग ना. आम्हाला सांगतेस ते."

आम्हाला सांगतेस ते. आत्याला एकदम वर्ग दिसला: गळकी नाकं, सुटलेल्या नाड्या, एक डोळा मिटून दुसऱ्याने शेजारच्याला बघणारी मुलं. त्यांना शांत करायच्या आधी ती स्वतः काय करायची? खाली बसायची. उभ्या बाईला मुलं भितात.

ती एक बैठं स्टूल घेऊन दादांच्या समोर, हातभर अंतरावर जाऊन बसली. एक माशी तिच्या चष्म्यावर बसली. तिने बसू दिलं.

"दादा, माझ्याकडे बघ. काही करायचं नाही. श्वास थांबवायचा नाही, मोठा घ्यायचा नाही. तो येतोय ना?"

"येतोय." आवाज घोगरा होता.

"तो आत येताना नाकाखाली कुठे लागतो?"

"ही काय वेळ आहे मौनीबाई..."

"हीच आहे. कुठे लागतो?"

दादांनी नजर नाकाच्या शेंड्याकडे नेली. मग म्हणाले, "डाव्या बाजूला."

"गार की ऊन?"

"गार... जाताना ऊन."

"बस. एवढंच काम. आपण उंबऱ्यावर बसलोय. कोण आलं, कोण गेलं, नुसतं बघायचं. कुणाला ओढायचं नाही, कुणाला हाकलायचं नाही. चुकलं तर चुकलं, पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसायचं."

हे ती कित्येक मुलांना म्हणाली होती. आज म्हणताना तिच्या लक्षात आलं की तिचाही श्वास डाव्या बाजूनेच चालला होता.

थोड्या वेळाने माश्यांचं थरथरणं मंदावलं. रंधाकाका नवी पेटी घेऊन आला आणि एक शब्दही न बोलता उभा राहिला. त्याच्या आयुष्यातली ही बहुधा सगळ्यात लांब गप्पबसणी असेल.

"पापणीवर आली," दादा म्हणाले.

खरंच एक माशी त्यांच्या उजव्या पापणीच्या काठाने चालत होती. डॉक्टरने इंजेक्शनवरची मूठ घट्ट केली.

"कशी वाटते?" आत्याने विचारलं.

"खाज. फार खाज. सहन होणार नाही."

"सहन करू नकोस. बघ. खाज कुठे सुरू होते?"

"पापणीच्या टोकाला."

"वाढतेय?"

"वाढतेय... वाढतेय..." दादांच्या कपाळावर घामाचा थेंब उभा राहिला. "आता सगळ्या डोळ्यात. आता..." ते थांबले. चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "गेली."

"माशी गेली?"

"माशी आहे. खाज गेली." ते नवल वाटल्यासारखे म्हणाले, कुणीतरी बंद दार ढकलायला जावं आणि ते उघडंच निघावं तसे. "माशी चालतेय अजून, पण खाज गेली. आपोआप."

"तू काही केलंस?"

"नाही गं. मी कुठे काय केलं?"

ही ओळ तिने शिबिरात ऐकली होती, मुलांना समजावली होती: जे उठतं ते जातं, आपण मध्ये हात घातला नाही तरी जातं. तिला ती पाठ होती. दादांना ती कुणी सांगितली नव्हती. ती आत्ता त्यांच्या पापणीवर घडली होती.

"दुसरी येतेय," दादा म्हणाले, आणि या वेळी आवाजात भीती कमी आणि उत्सुकता जास्त होती. "गळ्यावर. हिचे पाय चिकट आहेत. मधाने भरलेत." मग हळूहळू, थांबत थांबत, जे त्यांना जाणवत होतं ते सांगायला लागले. छातीवर मोठी ऊब आहे, तापलेल्या दगडासारखी, पण दगड हलत नाही आणि ही हलते. वजन आहे, पण ते एकाच जागी राहत नाही. आवाज कानात येत नाही, हाडांतून येतो. "आयुष्य काढलं यांच्यात," ते म्हणाले. "हात घातले, चौकटी काढल्या, मध काढला. यांना असं कधी..." शब्द सापडला नाही. त्यांनी तो शोधलाही नाही.

सून त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. तिने नवी पेटी जमिनीवर ठेवून तिच्या दारापासून दादांच्या मांडीपर्यंत पांढरी चादर ताणली होती. चादरीचं एक टोक डॉक्टरच्या हातात होतं. तोंडावर जाळीचा टोप नाही, हातात मोजे नाहीत.

"टोप का नाही घातलास?" दादांनी विचारलं.

"जाळीतून तुमचे डोळे नीट दिसत नाहीत, बाबा."

दादा तिच्याकडे बघत राहिले.

"बाबा, ऐका," ती म्हणाली. "बाहेरून मला हात घालता येणार नाही. पण तुमचा हात आतच आहे, त्यांच्याखाली. दोन बोटांनी पिंजरा काढता येईल का? अगदी हळू. त्या आपणहून बाजूला होतील, तेवढा वेळ द्यायचा."

"येईल," दादा म्हणाले. पण हात हलला नाही.

सगळे वाट बघत होते. आत्याला कळलं की आता भीतीने तो हात थांबलेला नाही. राणी खिशावर आवळलेल्या त्या मुठीत होती. तिच्या मागे हा सगळा थवा होता, आणि थव्यामागे पेट्यांच्या रांगा आणि सगळं आयुष्य. हात उघडला की ते सगळं जाणार होतं. जीव वाचवायला तेच करायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

"ताई," दादा म्हणाले. लहानपणानंतर त्यांनी तिला ताई म्हटलं नव्हतं. ती धाकटी होती, तरी तेव्हा ते लाडाने तसं म्हणायचे. "मूठ घट्ट झालीय."

"कुठे घट्ट आहे?"

"बोटांत. नाही, मनगटात. नाही..." ते बराच वेळ बघत राहिले. "छातीत आहे. गाठीसारखी."

"सोडवू नकोस. खाजेसारखंच बघ तिच्याकडे."

ऊन झाडाच्या पानांतून खाली येऊन माश्यांच्या पंखांवर फुटत होतं. गाठ सुटताना बाहेरून काहीच दिसलं नाही. फक्त दादांच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, कुणी न ढकलता, आणि माश्यांचं ते कापड भरतीच्या पाण्यासारखं उचललं गेलं आणि खाली आलं.

मग ते मध्यभागी हलायला लागलं. आतून. माश्या घाईने नाही, कुरकुर न करता, एकमेकींवरून सरकत वाट देत होत्या. त्या वाटेतून आधी दोन बोटांची टोकं दिसली, मग त्यांच्यात धरलेला लाकडी पिंजरा. हात इतका सावकाश पुढे येत होता की तो हलतोय की आपल्यालाच तसं वाटतंय, हे सांगता येत नव्हतं. चिमणीने श्वास रोखला होता. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने तो सोडला.

"घे," दादा म्हणाले.

सुनेने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. दादांच्या बोटांवरून माश्या तिच्या बोटांवर उतरल्या. पिंजरा तिच्या हातात आला.

"आता तुझ्या," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "नाही, तुझ्याही नाहीत. पण तू बघ त्यांच्याकडे."

"हो बाबा," ती म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे पाणी गालावरून खाली आलं, आणि एका माशीने थांबून ते चाखलं.

तिने पिंजरा पेटीच्या दारातून आत सरकवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दारापाशी पोचलेल्या पहिल्या काही माश्यांनी पोटाची टोकं उंच केली आणि त्या जागच्या जागी पंख फडफडवायला लागल्या. मागच्यांना वास धाडत होत्या: इकडे आहे, इकडे या. आणि दादांच्या अंगावरचा सगळा थवा वळला. उडाला नाही, चालायला लागला. गळ्यावरून छातीवर, छातीवरून हातावर, हातावरून मांडीवर आणि पांढऱ्या चादरीवर. चादर तपकिरी झाली, वाहायला लागली. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आवाजही बदलला होता. शोधणाऱ्या माणसांच्या गलक्याचा घरी पोचलेल्या माणसांचा गुणगुणाट झाला होता.

चादरीचं टोक धरलेला डॉक्टर एकदम खाली बसला. त्या वाहत्या गर्दीतल्या चार-दोन त्याच्या अंगठ्यावरून चालत गेल्या. एवढी वर्षं त्याने माशी म्हणून फक्त डंख बघितला होता. तो बायकोला हळूच म्हणाला, "या दरवेळी अशाच चालतात?"

"राणी आत असली की," ती म्हणाली.

"मला कधी दाखवलं नाहीस."

"तू कधी आलास?"

रंधाकाकाने नाक ओढलं. "पेटी मात्र नीट झालीय," तो म्हणाला, आणि कुणी हसलं नाही तरी त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

शेवटची माशी दादांच्या कोपरावरून उतरली आणि चादरीवरून आत गेली. सदरा रिकामा झाला. त्यावर कुठे मधाचे ठिपके, कुठे मेणाचा कण. एकही डंख नाही.

"बाबा," डॉक्टर म्हणाला. "झालं. उठा आता."

दादा उठले नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, हात ओंजळीसारखा पुढे तसाच. डॉक्टर घाबरून पुढे सरसावला, इंजेक्शनचं झाकण त्याने उघडलंच होतं. आत्याने हाताने त्याला थांबवलं. तिला भावाच्या नाकाखालचं दिसत होतं. श्वास येत होता, जात होता, इतका हलका की मागे खूण राहत नव्हती.

"दादा," ती हळूच म्हणाली. "झालं. हललास तरी चालेल."

"झालं नाही," दादा म्हणाले. "चाललंय अजून."

आत्याने आयुष्यभर खूप जणांना बसायला शिकवलं होतं. बसलेलं माणूस कसं दिसतं, ते तिने आज बघितलं. ती स्टुलावरून उतरली आणि भावासमोर मातीत बसली. चिमणी तिच्या शेजारी मांडी घालून बसली, मग डॉक्टर, हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवून. सुनेने पेटीच्या झाकणावर तळवा टेकवला आणि ती तिथेच थांबली. रंधाकाकाने इकडेतिकडे बघितलं, गुडघे कुरकुरवत तोही खाली टेकला.